पंगतीत आलेले चाचे

अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या मर्टल बीच या समुद्रकाठच्या गावात ‘पायरेट्स व्हॉयेज’ नावाचा डिनर शो चालतो. सभागृहाच्या मध्यभागी 15 फूट खोल पाण्याचं तळं, तळ्यात चाच्यांची जहाजं आणि भोवतीच्या चढत्या रांगांमध्ये जेवायला बसलेली कुटुंबं. आत शिरतानाच प्रेक्षकांची वाटणी होते. निम्मे किरमिजी टोळीचे, निम्मे निळ्या टोळीचे. ताटात तळलेली कोंबडी, मक्याचं कणीस, बटाटा असं येत राहतं. समोर तलवारी खणखणतात, डोलकाठीवरून माणसं पाण्यात उड्या मारतात. आपल्या टोळीसाठी ओरडायचं आणि समोरच्या टोळीची हुर्यो उडवायची, हे काम प्रेक्षकांचं. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळेच त्यात सामील होतात.

हा कार्यक्रम गायिका डॉली पार्टन यांच्या कंपनीने 2011 साली सुरू केला. त्याआधी त्याच इमारतीत त्यांचाच घोड्यांचा डिनर शो होता. घोडे धावायचे ती जागा खणून तिथे तळं केलं गेलं. पण जेवणाच्या टेबलासमोर जहाज आणून लढाई दाखवण्याची कल्पना अमेरिकन नाही आणि नवीही नाही.

6 जानेवारी 1378 रोजी फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याने पॅरिसच्या राजवाड्यात आपले मामा, पवित्र रोमन सम्राट चौथा चार्ल्स, यांना मेजवानी दिली. जेवण चालू असताना दालनात एक जहाज सरकत आलं. शिडं, निशाणं, वर चिलखत घातलेले योद्धे, सगळं अगदी साग्रसंगीत. आत दडलेली माणसं ते ढकलत होती, पण पाहणाऱ्यांना ते पाण्यावर तरंगत आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या बाजूला जेरुसलेमचा बुरूज उभा होता. योद्ध्यांनी शिड्या लावल्या, बुरुजावरच्यांनी त्यांना खाली लोटलं आणि अखेर शहर जिंकलं गेलं. फ्रान्सच्या राजबखरीच्या हस्तलिखितात या प्रसंगाचं चित्र आहे. पुढे टेबलावर बसलेले राजे आणि समोर जहाज, दोन्ही एकाच चौकटीत. त्यानंतर 1454 साली लील शहरात बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने दिलेली मेजवानी याहून भव्य होती. तिथे एका प्रचंड पायमध्ये 28 वादक बसून वाजवत होते.

या दरबारी खेळांमागे हेतू राजकीय होता. पाहुण्यांना धर्मयुद्धाची आठवण करून द्यायची, त्यांच्याकडून शपथा घ्यायच्या. जहाज होतं, लढाई होती, जेवण होतं, चाचा मात्र नव्हता. तो या पंगतीत आला कुठून, याचं उत्तर शोधताना माग अरबी समुद्रात, सुरतेच्या वाटेवर येऊन पोहोचतो.

सप्टेंबर 1695. औरंगजेबाच्या मालकीचं ‘गंज-इ-सवाई’ हे अवाढव्य जहाज मोख्याहून सुरतेकडे परतत होतं. त्यावर हजहून येणारे यात्रेकरू होते, व्यापारी होते, सोनं-चांदी होती. त्याच्या मागावर ‘फॅन्सी’ नावाचं इंग्रजी जहाज होतं. त्याचा कप्तान हेन्री एव्हरी. वर्षभरापूर्वी स्पेनच्या किनाऱ्यावर बंड करून त्याने हे जहाज पळवलं होतं. एव्हरीच्या टोळीने आधी सुरतेचा बडा व्यापारी अब्दुल गफूर याचं ‘फतेह महंमद’ लुटलं आणि मग ‘गंज-इ-सवाई’ला गाठलं. मोगल इतिहासकार खाफीखानाने लिहिलंय, की बादशाही जहाजावर 80 तोफा होत्या. पण पहिल्याच चकमकीत त्यातली एक तोफ फुटून आपलीच माणसं मेली आणि शत्रूच्या गोळ्याने डोलकाठी निकामी झाली. चाचे वर चढले. लूट कित्येक दिवस चालली. पुरुषांना हालहाल करून दडवलेलं धन विचारलं गेलं. बायकांवर अत्याचार झाले. काहींनी समुद्रात उड्या टाकल्या.

लुटीचा आकडा कुणी सव्वातीन लाख पौंड सांगितला, कुणी सहा लाख. औरंगजेबाचा तळ त्या काळात भीमेकाठी, आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीला होता. मराठ्यांशी झुंजत दख्खनमध्ये अडकलेल्या बादशहाच्या स्वतःच्या जहाजावर, तेही हजयात्रेकरूंवर, हात पडला होता. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना बेड्या पडल्या. ईस्ट इंडिया कंपनीचा सगळा व्यापार धोक्यात आला. लंडनमध्ये एव्हरीला पकडून देण्यासाठी बक्षिसं जाहीर झाली. त्याच्या टोळीतल्या सहा जणांवर 1696 मध्ये खटला चालला. पहिल्या खटल्यात ज्यूरीने त्यांना चक्क निर्दोष ठरवलं. मग जहाज पळवल्याच्या आरोपाखाली दुसरा खटला भरून पाच जणांना थेम्सकाठच्या ‘एक्झिक्युशन डॉक’वर फाशी दिली गेली. एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही.

आणि न सापडलेल्या माणसाची दंतकथा व्हायला वेळ लागत नाही. 1709 साली निघालेल्या एका पुस्तिकेत एव्हरीला मादागास्करचा राजा करून टाकलं आणि मोगल राजकन्येशी त्याचं लग्नही लावून दिलं. 1712 च्या नोव्हेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये चार्ल्स जॉन्सन या नाटककाराचं ‘द सक्सेसफुल पायरेट’ रंगमंचावर आलं. नायक मादागास्करचा चाचा-राजा, नायिका त्याच्या हाती लागलेली मोगल घराण्यातली मुलगी झैदा. टीकाकार जॉन डेनिस याने नाटकांना परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पत्र लिहून तक्रार केली, की दरोडेखोराला नायक कसं करता? तक्रार रास्त होती, पण चाचा एकदा रंगमंचावर चढला तो चढलाच. ‘गंज-इ-सवाई’वर प्रत्यक्षात जे घडलं, त्याच्या जागी सतरा वर्षांत प्रेमकथा आली. चाच्यांच्या करमणुकीचा पुढचा सगळा इतिहास याच अदलाबदलीचा आहे, हे इथे स्पष्ट म्हणायला हवं.

त्या काळच्या लंडनकरांना चाच्याचा आणखी एक खेळ फुकट पाहायला मिळे, तो म्हणजे फाशीचा. कॅप्टन किड याला 23 मे 1701 रोजी फाशी दिली तेव्हा पहिला दोर तुटला आणि त्याला पुन्हा चढवावं लागलं. किडवर खटला चालला त्यातलं मोठं प्रकरणही हिंदी महासागरातलंच होतं. सुरतेच्या व्यापाराशी जोडलेलं ‘केदा मर्चंट’ हे जहाज त्याने मलबार किनाऱ्यालगत पकडलं होतं.

चाचे स्वतःही नाटकं करत. 1724 साली ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या नावाने छापलेल्या चाच्यांच्या चरित्रग्रंथात थॉमस ॲन्स्टिसच्या टोळीची हकीकत आहे. क्यूबाजवळच्या एका बेटावर माफीची वाट पाहत ही मंडळी महिनोन्‌महिने थांबली होती. वेळ घालवायला ते कोर्टाचं सोंग करत. एक जण ताडपत्री पांघरून न्यायाधीश होई आणि झाडावर बसून न्यायनिवाडा करी. आरोपीला तो सुनावतो, की तुला लटकवायची तीन कारणं आहेत. मी न्यायाधीश म्हणून बसलो आणि कुणी लटकलंच नाही हे बरं दिसत नाही. शिवाय तुझा चेहराच फाशीचा आहे. आणि तिसरं म्हणजे मला भूक लागली आहे, खटला संपण्याआधी न्यायाधीशाचं जेवण तयार झालं तर आरोपीला लटकवायचं असा रिवाजच आहे. ज्या माणसांच्या गळ्यात खराच फास पडायची शक्यता होती, त्यांनी तो फास आपापसांत असा खेळून पाहिला. चाच्यांच्या सगळ्या नाटकांत हे सर्वांत खरं म्हणायला हवं.

त्यांचं खाणं मात्र कुठल्याही डिनर शोच्या ताटासारखं नव्हतं. किडे पडलेली कडक बिस्किटं, खारवलेलं मांस, मिळालंच तर समुद्री कासव. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरच्या करारात पहिलंच कलम असं, की प्रत्येकाला मताचा आणि ताज्या अन्नाचा सारखा हक्क. ताजं अन्न ही मताइतकी मोलाची गोष्ट होती. रात्री आठनंतर दिवे बंद, वादकांना रविवारी सुट्टी, हेही त्याच करारात लिहिलेलं.

याच दशकांमध्ये इंग्रज आणखी एका माणसाला चाचा म्हणत होते, त्याबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा दस्तक घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता. तो राज्याचा अधिकार होता. कंपनीला तो मान्य नव्हता. म्हणून 1717 मध्ये विजयदुर्गावर, 1718 मध्ये खांदेरीवर आणि 1721 मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर तिने हल्ले केले. तिन्ही फसले. तरी 1737 साली लंडनमध्ये क्लेमंट डाउनिंगचं पुस्तक निघालं, त्याच्या नावातच आंग्र्यांना चाचा ठरवलं होतं. एव्हरी खरा दरोडेखोर, त्याला नाटकात राजा केलं. कान्होजी राज्याचे सेनानी, त्यांना पुस्तकात दरोडेखोर केलं. पुढे ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ चित्रपटमालिकेच्या 2007 च्या भागात हिंदी महासागराचा चाचा-सरदार म्हणून ‘संभाजी आंग्रिया’ हे पात्र आलं. कान्होजींच्या मुलाचं नाव उचललं, त्याचं आरमार आणि त्याचं राज्य मागेच राहिलं.

रंगमंचावर पाणी आलं ते 1804 मध्ये. लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरने रंगमंचाखाली मोठा हौद बांधून त्यात न्यू रिव्हर कालव्याचं पाणी सोडलं आणि जिब्राल्टरचा वेढा दाखवला. प्रमाणात बांधलेली छोटी जहाजं, छोट्या तोफा आणि बुडणारे खलाशी म्हणून पाण्यात पोहणारी मुलं. मर्टल बीचच्या तळ्याचा हा थेट पूर्वज.

पुढच्या शतकात चाचा निरुपद्रवी होत गेला. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 1879 च्या संगीतिकेत पेन्झान्सचे चाचे अनाथांना सोडून देतात आणि शेवटी वाट चुकलेले उमराव निघतात. लेखक स्टीव्हन्सनने 1881 च्या पावसाळी उन्हाळ्यात सावत्र मुलाच्या करमणुकीसाठी एका बेटाचा नकाशा रंगवला. त्यातून निघालेली ‘ट्रेझर आयलंड’ 1883 मध्ये पुस्तकरूपात आली आणि एकपायी खलाशी, खांद्यावरचा पोपट, फुलीची खूण असलेला नकाशा हे सगळं जगभरच्या मुलांच्या खेळात शिरलं. चित्रकार हॉवर्ड पाइलने डोक्याला रुमाल आणि कमरेला शेला बांधून चाच्याला पोशाख दिला. 1950 च्या डिस्ने चित्रपटात रॉबर्ट न्यूटनने इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातली बोली ठासून वापरली आणि तेव्हापासून प्रत्येक चाचा तसाच गुरगुरतो.

प्रेक्षकांना खेळात ओढण्याच्या बाबतीत 27 डिसेंबर 1904 ही तारीख महत्त्वाची. त्या रात्री लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क थिएटरमध्ये जे. एम. बॅरी यांचं ‘पीटर पॅन’ हे चाच्यांचंही नाटक पहिल्यांदा झालं. परी मरायला टेकते तेव्हा पीटर प्रेक्षकांकडे वळून म्हणतो, परी असते यावर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. कुणीच वाजवल्या नाहीत तर काय, या धास्तीने बॅरींनी वादकांना वाद्यं खाली ठेवून टाळ्या वाजवायची सूचना देऊन ठेवली होती. तिची गरज पडली नाही. नाट्यगृह टाळ्यांनी भरून गेलं. इंग्लंडच्या पँटोमाइममध्ये खलनायकाला हुर्यो करण्याची जुनी सवय होतीच. चाच्यांच्या नाटकात ती आता घरच्या मुलाबाळांसह आली.

जेवणाची बाजू वेगळ्या वाटेने वाढली. आयर्लंडमधल्या बनरॅटी किल्ल्यात 1963 पासून पर्यटकांसाठी मध्ययुगीन मेजवान्या सुरू झाल्या. 1983 मध्ये फ्लोरिडात किसिमी इथे ‘मेडिव्हल टाइम्स’ आलं. मूळ कल्पना स्पेनमधली. ‘मेडिव्हल टाइम्स’मध्ये प्रेक्षक आपापल्या सरदाराच्या रंगाप्रमाणे बसतात आणि काटे-चमच्यांशिवाय हातानेच जेवतात. धंदा म्हणून ही रचना पक्की आहे. तिकीट आधी विकलेलं, पदार्थ ठरलेले, सगळ्यांना एकाच वेळी वाढायचं, त्यामुळे स्वयंपाकघराला नेमकी ताटं ठाऊक असतात. रंगांच्या टोळ्या केल्या की अनोळखी कुटुंबंही दहा मिनिटांत एका बाजूची होतात. चाच्यांच्या डिनर शोने हे सगळं जसंच्या तसं घेतलं.

कुटुंबांची गर्दी चाच्याच्या नावावर येते, हे लास व्हेगासनेही ताडलं. 27 ऑक्टोबर 1993 ला तिथे ‘ट्रेझर आयलंड’ हॉटेल उघडलं. दाराबाहेरच्या तळ्यात चाचे आणि ब्रिटिश नौदलाचं जहाज रस्त्यावरच्या गर्दीसमोर लढत आणि दर वेळी ब्रिटिश जहाज बुडे. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनकरांना हा शेवट कुणी दाखवला नसता.

तरी ताट आणि चाचा यांना आधुनिक काळात एका छपराखाली आणलं ते कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडने. 18 मार्च 1967 ला तिथे ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही बोटीतून फिरण्याची सफर सुरू झाली. सफरीच्या सुरुवातीलाच काठावर ‘ब्लू बायू’ उपाहारगृह आहे. जेवणाऱ्यांना बोटी दिसतात, बोटीतल्यांना जेवणारे. पुढच्या दृश्यांत मात्र यांत्रिक चाचे बायकांच्या मागे धावत होते आणि नववधूंचा लिलाव मांडला होता. तीस वर्षं लोक त्यावर हसले. ‘गंज-इ-सवाई’वरच्या बायकांचं काय झालं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते हसणं सहन होणार नाही.

1997 मध्ये पाठलागाचं दृश्य बदललं. बायकांच्या हातात खाद्यपदार्थ दिले गेले आणि चाचे आता बाईच्या नव्हे तर अन्नाच्या मागे लागल्याचं दिसू लागलं. लिलाव आणखी एकवीस वर्षं टिकला. 2018 मध्ये तोही गेला. लिलावातली तांबड्या केसांची स्त्री आता स्वतःच बंदूकधारी चाचा आहे आणि बोली लागते ती रमवर. जुन्या चाहत्यांनी या बदलावर बराच आरडाओरडा केला, पण सफरीसमोरची रांग तशीच लांब राहिली.