शिमग्यातलं पाणी

20 मार्चला महाडला गेलो होतो. सोलापूरहून रात्री निघालो. पुणं ओलांडलं, घाट उतरलो आणि हवाच बदलली. अंगाला घाम चिकटायला लागला. आमच्या फडक्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. तळ्याच्या जवळ सावली बघून बसलो, तर शेजारी मंडणगडाकडची मंडळी जेवत होती. त्यांच्याकडं तांदळाची भाकरी आणि सुकट. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं आमची भाकरी हातात घेऊन वाजवली आणि विचारलं, "ही खायाची की कौलं घालायची?" आम्ही हसलो. मग त्यानं आमची भाकरी खाल्ली, आम्ही त्याची सुकट खाल्ली. तिखटानं दोघांच्याही डोळ्यांत पाणी.

बोलता बोलता म्हातारा म्हणाला, "आमचा शिमगा होऊन गेला की आम्ही इकडं येतो. त्या सालीसुद्धा शिमगाच होता."

हे वाक्य डोक्यात राहिलं. परत आल्यावर जुनी जंत्री काढून बघितलं. 1927 साली फाल्गुन पौर्णिमा 18 मार्चला होती. महाडची परिषद 19 आणि 20 मार्चला. म्हणजे होळी पेटली, तिची राख अजून गरम होती, आणि आपली माणसं महाडच्या वाटेला लागली. इतक्यांदा महाड वाचलं, भाषणात ऐकलं, स्वतः बोललो, पण ही गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती.

मित्रांनो, कोकणातला शिमगा म्हणजे काय, हे देशावरच्या माणसाला लवकर कळत नाही. आपल्याकडं सोलापूरला संक्रांतीची गड्ड्याची जत्रा, तसा तिकडं शिमगा. पालख्या नाचतात, ढोल वाजतात, मुंबईचा चाकरमानी रजा काढून गावाला येतो. पुरणपोळ्या होतात, धुळवडीला तिखट-खारं होतं. वर्षाचा मोठा सण. आणि गावच्या सणात माणसाची जागा जन्मावरून ठरलेली. मानाचा नारळ कुणाचा, पालखीला खांदा कुणाचा, पुढं उभं कुणी राहायचं, हे सगळं ठरलेलं. आपल्या माणसाची जागाही ठरलेली होती. लाकडं आणायची, वाजवायचं, राबायचं, आणि शेवटी दूर उभं राहून तुकडा घ्यायचा.

देशावर कित्येक गावांत तर महारवाड्यातल्या होळीचा विस्तव नेऊन गावची होळी पेटवायची रीत होती. जरा थांबून विचार करा. आमचा विस्तव चालत होता. आमच्या विस्तवावर गावाची होळी पेटत होती, त्या होळीला नैवेद्य दाखवत होते. पण आमचा हात लागलेलं पाणी चालत नव्हतं. विस्तव बाटत नाही म्हणे, पाणी बाटतं. हे कुठलं शास्त्र? विस्तव देणारा लागतो तेव्हा विस्तव शुद्ध, आणि पाणी मागणारा येतो तेव्हा पाणी अशुद्ध. ज्यात गावाची सोय, ते शुद्ध. बाकी काही नाही.

माझी आजी मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यातली. ती सांगते, "होळीच्या दुसऱ्या दिशी पाटी घिऊन आयसंगं जायाची मी. दारात हुबं ऱ्हायचं. वरनं पोळी टाकायची. कवा कवा खाली पडायची. माती झाडून पाटीत टाकायची." मग एका साली तिच्या बापानं पाटी काढूनच घेतली. म्हणाला, बाबासाहेबांनी सांगितलंय, मागून खायाचं नाही. त्या होळीला घरात जोंधळ्याची भाकरी आणि नुसतं कालवण. आजी रडली. पोरगीच होती, पोळी पायजे होती. आजीचं ते रडणं मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात सापडलं नाही. चळवळ म्हणजे आपण मोर्चा धरतो, ठराव धरतो. सणाच्या दिवशी गोड सोडून दिलेल्या पोरांचा हिशेब कुणी धरला?

आता महाडकडं या. 1923 च्या ऑगस्टात मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, की सरकारी पैशानं बांधलेल्या सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तळ्यावर मुसलमान जात होता, ख्रिस्ती जात होता, गुरं पाणी पीत होती. आपला माणूस जात नव्हता. परिषदेला जी माणसं जमली, त्यांच्यासाठी पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं पाणी. त्या काळचे चाळीस रुपये! पाण्यानं भरलेलं तळं गावात, आणि पाण्याचा बाजार मंडपात.

परिषदेत बाबासाहेब काय बोलले? मेलेल्या जनावराचं मांस सोडा. उष्टं-शिळं घेऊ नका. मागून आणलेल्या तुकड्यावर जगू नका. आधी ताटाबद्दल बोलले, मग तळ्याकडं नेलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या पोटात दुसऱ्याचं उष्टं आहे त्याची ओंजळ वर येत नाही. 20 मार्चला, रविवारी, हजारो माणसं ओळीनं तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी घेतलं.

पुढचं आपल्याला पाठ आहे, तरी जेवणाच्या बाजूनं परत बघू. गावात अफवा उठवली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जमाव मंडपावर चालून आला. आपली माणसं कुणी जेवत होती, कुणी गावाला जायची बांधाबांध करत होती. अन्न मातीत कालवलं, भांडी चेचली, माणसं झोडपली. काहींना मुसलमानांच्या घरात आसरा मिळाला. उलट हात उगारायचा नाही, ही बाबासाहेबांची आज्ञा होती, म्हणून त्या दिवशी महाड शाबूत राहिलं. आणि नंतर तळं शुद्ध केलं. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी पाण्यात ओतल्या. माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी शेणानं शुद्ध होतं! ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठरावही मागं घेतला.

बाबासाहेबांची ही तहान जुनी होती. 1901 ची गोष्ट. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात मरणाऱ्या माणसांना काम मिळावं म्हणून तिथं तलाव खोदायला काढला होता. त्यांच्याकडं निघालेली पोरं मसूर स्टेशनवर उतरली. गाडीवानाला जात कळली. दुप्पट पैसे कबूल केले तेव्हा गाडी मिळाली, तीही पोरांनीच हाकायची. संगं खायला भरपूर होतं, पण रात्रभर कुणी पाणी दिलं नाही, म्हणून खाताही आलं नाही. बाप तलावाचा हिशेब लिहितोय आणि पोरगा पाण्यावाचून उपाशी. तीच तहान पुढं महाडला पोचली.

डिसेंबरात परत महाड. धरमतरच्या वाटेवरचे मोटारवाले गाडी देईनात, म्हणून बाबासाहेब आणि मंडळी 'पद्मावती' बोटीनं दासगाव बंदराला उतरली आणि तिथून चालत महाड. मंडपाला जागा दिली ती एका मुसलमानानं, फत्तेखानानं. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे, जातीनं ब्राह्मण. मार्चात गावाची होळी होऊन गेली होती, ऐन थंडीत आपली पेटली. या होळीला आपण नुसतं लाकूड वाहिलं नाही. 27 तारखेला बाबासाहेब बायांशी बोलले. नेसणं बदला म्हणाले, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका म्हणाले. चळवळीचा दरवाजा चुलीपाशी आहे हे त्यांना ठाऊक होतं. तळ्याचा कोर्टातला निकाल मात्र 17 मार्च 1937 ला लागला. हायकोर्ट. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

मी मागावर काम करतो म्हणून एक जोडून सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा. थुंकी लागलेल्या धाग्याला दुसरा तोंड कसं लावणार? त्या खात्यात पगार जास्त. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला. म्हणजे बघा, तळं असो की धोटा, सवाल तोंडाचाच. भाकरी आडवायची तर आधी तोंड बाटकं ठरवायचं.

आता आपल्यावर येतो. 1956 ला नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यात दारू पिणार नाही ही एक आहे. जयंतीच्या मिरवणुकीत आपल्याच गल्लीत काय वास येतो ते मी लिहायला पायजे का? गावानं आपल्याला सणाला दारात उभं केलं, म्हणून बाबासाहेबांनी आपल्याला आपले दिवस दिले. त्या दिवसांत आपण गावाचाच शिमगा आणून ओतायचा का?

आणि त्याहून वाईट एक. मी लहान असताना आमच्या घरी मांगवाड्यातला एक माणूस यायचा. त्याची कपबशी वेगळी होती, खिडकीत पालथी घातलेली. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि खिडकीत ती कपबशी. मी एकदा त्यातनं चहा प्यालो म्हणून चुलतीनं मुस्काटीत मारली. महाडच्या तळ्याकाठी सुकट खाताना मला ती कपबशी आठवली. एकशे आठ घागरी ओतणारे तेवढे तिकडचे, असं म्हणून मला सुटता येईना.

परत आल्यावर आजीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या कोकणातल्या म्हाताऱ्याची जात इचारलीस का?" म्हटलं, नाही. म्हणाली, "ब्येस केलंस."

पुढच्या 20 मार्चला महाडला जाणारे जातीलच. ज्यांना जमणार नाही त्यांनी आपल्या वस्तीत पंगत घालावी. पुरण नको, वर्गणीचा मांडव नको. भाकरी, चटणी, आणि एक पाण्याचा माठ. मांग, ढोर, चांभार, पारधी, सगळ्यांना एका माठातलं पाणी, एकाच पेल्यानं. बघू कोण कोण येतं. आणि आपल्यातलं कोण उठून जातं तेही बघू.

जयभीम.