खिशातला फिल्म कॅमेरा : जुना उंची घ्यावा की नवा साधा?

उत्तम भिंग, धातूचे अंग आणि कोटाच्या खिशात मावेल एवढा आकार, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्या फिल्म कॅमेऱ्याला 'प्रीमियम कॉम्पॅक्ट' म्हणण्याची पद्धत आहे. असा नवा कॅमेरा आता बाजारात येणार नाही, अशी छायाचित्रणाच्या छंदिष्टांची अनेक वर्षे समजूत होती. जून २०२४ मध्ये जपानच्या रिको इमेजिंग या कंपनीने 'पेंटॅक्स १७' जाहीर केला आणि ही समजूत मोडली. अमेरिकेत त्याची किंमत ५०० डॉलर ठरली. एवढे पैसे या नव्या कॅमेऱ्यावर खर्च करावेत, की त्यात आणखी भर घालून नव्वदच्या दशकातला एखादा नामांकित कॅमेरा शोधावा, यावर रसिकांत दोन तट पडले. दोन्ही बाजूंना सबळ कारणे असल्याने ती नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल.

नव्वदचे दशक

या वर्गातील मानदंड म्हणजे क्योसेरा कंपनीचा 'कॉन्टॅक्स टी२'. टायटॅनियमचे आवरण आणि कार्ल झाइसचे ३८ मिमी, एफ २.८ क्षमतेचे सोनार भिंग घेऊन तो १९९० मध्ये अवतरला. त्याच्या मागोमाग निकॉन ३५टीआय (१९९३), लायका मिनिलक्स (१९९५), रिको जीआर१ आणि मिनोल्टा टीसी-१ (दोन्ही १९९६) आले. मोठ्या एसएलआर कॅमेऱ्याच्या तोडीचे चित्र मुठीएवढ्या यंत्रातून काढता यावे, ही या सर्वांमागची कल्पना होती आणि ती बहुतांशी साध्य झाली.

डिजिटल कॅमेऱ्यांच्या लाटेत हा वर्ग ओसरला. क्योसेराने २००५ मध्ये कॉन्टॅक्सचा व्यवसाय आटोपता घेतला. पुढे नव्या पिढीला फिल्मची ओढ लागली, समाजमाध्यमांवर नामवंतांच्या हाती हे कॅमेरे दिसू लागले आणि मोडीत निघालेल्या वस्तूंना सोन्याचा भाव आला. सुस्थितीतील टी२ची किंमत हजार डॉलरच्या घरात पोहोचली.

जुन्याचे दुखणे

या कॅमेऱ्यांची भिंगे आजही उत्कृष्ट आहेत. त्यांचे दुखणे विद्युत-यंत्रणेत आहे. पन्नास-साठच्या दशकांतील यांत्रिक कॅमेरा कुशल कारागीर खोलून, साफ करून पुन्हा चालू करू शकतो. नव्वदच्या दशकातील कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात मात्र रोल ओढण्यापासून फोकस साधण्यापर्यंतची सर्व कामे मोटारी व मंडले करतात. लवचीक पट्ट्यांवरची ही मंडले कालांतराने तडकतात, मोटारीचे दंतचक्र झिजते. रिको जीआर१ मालिकेच्या माथ्यावरील आकडे दाखवणारी पट्टी निकामी होणे तर सर्वश्रुत आहे. सुटे भाग बनणे थांबले आहे. त्यामुळे दुरुस्ती करायची तर दुसऱ्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यातून भाग काढावे लागतात. हजार डॉलरची वस्तू एका सकाळी अचानक शोभेची होऊन बसते, ती अशी.

नव्यात काय आहे?

पेंटॅक्सने फिल्म कॅमेऱ्याचा प्रकल्प डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला. कंपनीतील तरुण अभियंत्यांना हाताने रोल पुढे सरकवण्याची यंत्रणा घडवण्याचा अनुभव नव्हता. त्यासाठी निवृत्त तंत्रज्ञांची मदत घेण्यात आली. जुन्या पिढीचे ज्ञान तिच्याबरोबर संपण्यापूर्वी ते नव्या हातांत उतरले, ही या प्रकल्पाची एक मोठी जमेची बाजू होय.

हा कॅमेरा 'हाफ फ्रेम' जातीचा आहे. नेहमीच्या ३६ बाय २४ मिमी चौकटीऐवजी तो १७ बाय २४ मिमीचे उभे चित्र घेतो, आणि त्याच्या नावातील १७ हा आकडा तेथूनच आला आहे. ३६ चित्रांच्या रोलवर ७२ चित्रे बसतात. ही कल्पना नवी नाही. ऑलिंपसच्या योशिहिसा मैतानी यांनी १९५९ मध्ये 'पेन' कॅमेऱ्यात ती लोकप्रिय केली होती.

अर्धी चौकट हा केवळ काटकसरीचा निर्णय नाही. चौकट लहान झाली की तेवढेच दृश्य टिपण्यास कमी नाभीय अंतराचे भिंग पुरते. येथे ते २५ मिमीचे, म्हणजे पूर्ण चौकटीच्या हिशेबाने सुमारे ३७ मिमीचे आहे. भिंग आखूड असले की चित्रातील जवळचे व दूरचे अधिक भाग स्पष्ट येतात. त्यामुळे अंतर अचूक मोजण्याची गरज उरत नाही. सहा चिन्हांपैकी योग्य ते निवडले की काम भागते. स्वयंचलित फोकसची नाजूक यंत्रणा वगळता आली ती याच कारणाने. रोल हाताने ओढायचा आणि हातानेच परत गुंडाळायचा असल्याने मोटारीही गेल्या. म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांत जे भाग प्रथम दगा देतात, त्यांतील बरेच येथे मुळातच नाहीत.

आक्षेप

टीकाकारांचे म्हणणेही चुकीचे नाही. अर्ध्या चौकटीचे क्षेत्रफळ पूर्ण चौकटीच्या निम्म्याहूनही कमी असते. त्यामुळे मोठे छापील चित्र काढताना कण ठळक दिसतात. तीन काचांचे, एफ ३.५ क्षमतेचे भिंग चांगले आहे, परंतु सोनारपेक्षा ते कमी प्रकाश आत घेते. टी२वर भिंगाचे छिद्र आपण ठरवू शकतो. पेंटॅक्समध्ये काही ठरावीक मोड निवडता येतात व प्रकाशाची दुरुस्ती करता येते, पण छिद्र आणि शटरचा वेग कॅमेराच ठरवतो. शटरचा कमाल वेग १/३५० सेकंद आहे. माथ्याचे व तळाचे आवरण मॅग्नेशियम मिश्रधातूचे असले, तरी शटर इलेक्ट्रॉनिक असून सीआर२ सेल संपला की चित्र निघत नाही. अखेर हाही कॅमेरा कधीतरी दुरुस्तीपलीकडे जाईल. फरक एवढाच, की आज त्याच्यामागे निर्माता व हमी दोन्ही आहेत.

तिसरा पर्याय

ज्यांना पूर्ण चौकट हवीच, त्यांच्यासाठी हाँगकाँगच्या मिंट कंपनीने २०२४ मध्येच 'रोलाय ३५एएफ' आणला. १९६६ च्या प्रसिद्ध रोलाय ३५ची ठेवण त्याने राखली असून त्यात ३५ मिमी, एफ २.८ भिंग व लायडार तंत्रावर चालणारा स्वयंचलित फोकस आहे. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ८०० डॉलरच्या आसपास होती. गुणांच्या यादीत तो टी२च्या अधिक जवळ जातो. मात्र फोकस स्वयंचलित असल्याने विद्युत-यंत्रणेवरील त्याचे अवलंबनही अधिक आहे. त्याची झीज कशी होते, हे काळच सांगेल.

निवड करताना

भारतीय रसिकाने आणखी एक हिशेब मांडावा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल आता इतिहासजमा झाले असून फिल्मसाठी आयातीवर अवलंबून राहावे लागते. रोल महाग असल्याने ७२ चित्रांचा लाभ येथे अधिक जाणवतो. मात्र रोल धुवायला देण्यापूर्वी लॅब अर्ध्या चौकटीचे स्कॅनिंग करते का आणि दर रोलमागे घेते की चित्रामागे, याची चौकशी अवश्य करावी. चित्रामागे दर असेल, तर रोलवर झालेली बचत स्कॅनिंगमध्ये निघून जाते.

जुना कॅमेरा घ्यायचाच असेल, तर विक्रेत्यासमोर रोल भरून पाहावा, भिंग आत-बाहेर होताना आवाज ऐकावा, फ्लॅश व आकड्यांची पट्टी तपासावी आणि शक्य तर एक रोल धुऊन आल्यावरच व्यवहार पक्का करावा. दुरुस्त करणारा माणूस आधी शोधावा, कॅमेरा नंतर.

सारांश असा, की प्रदर्शनासाठी मोठी चित्रे काढणाऱ्याला, जोखीम पत्करून, टी२ किंवा जीआर१ आजही अधिक देऊ शकतो. परंतु जो कॅमेरा रोज खिशात घालून हिंडणार, पावसाळी प्रवासात नेणार, घरातल्या मुलांच्या हाती देणार, त्याला पेंटॅक्स १७ अधिक सोयीचा आहे. उंची कॅमेरा बिघडेल या धास्तीने कपाटात राहिला, तर त्याचे भिंग कितीही श्रेष्ठ असले तरी त्यातून एकही चित्र निघत नाही. शिवाय जुन्या कॅमेऱ्याच्या खरेदीने केवळ विक्रेत्याचा लाभ होतो, नव्याच्या खरेदीने तो घडवणाऱ्या कारखान्याला पुढचा कॅमेरा करण्याचे कारण मिळते. फिल्मवर प्रेम करणाऱ्याने निर्णय घेताना याचाही विचार करायला हवा.