दोन टिंबांचा हिशेब

वीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला गिऱ्हाइकांचे चेहरे आठवत नाहीत, वेलांट्या आठवतात. मध्यंतरी एक आजी काउंटरवर आल्या. यजमान गेले, त्यांची ठेव मिळायची होती. पावतीवर वारस म्हणून 'हिराबाई', शिधापत्रिकेवर 'हीराबाई'.

"आजी, तुमची वेलांटी जुळत नाही," मी म्हटलं.

"बाळा, माझं सासूशी जुळत नव्हतं. ह्या वेलांटीला तर मी ओळखतसुद्धा नाही!"

मी प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. आजी काठी टेकत जिना उतरल्या. नियमाने मी बरोबर होतो, पण त्या रात्री जेवण काही गोड लागलं नाही.

असल्या बाबतीत आपण एकटे नाही, एवढाच काय तो माणसाला दिलासा. माझा दिलासा थेट रशियात निघाला. तिथल्या लिपीत 'ये'सारखं एक अक्षर आहे. त्याच्या डोक्यावर दोन टिंबं दिली की उच्चार 'यो' होतो. 1783 साली राजकन्या दाश्कोवा हिने विद्वानांच्या सभेत विचारलं, की उच्चार एक असताना अक्षरं दोन कशाला? 1795 मध्ये हे टिंबवालं अक्षर छापूनही आलं. पण छापणाऱ्याला टिंबांचा कंटाळा. वाचणाऱ्याला समजतंच की, म्हणून तो ती गाळू लागला. त्यामुळेच 1955 साली भारतात आलेल्या ज्या पाहुण्यांना आपण ख्रुश्चेव्ह म्हणून हार घातले, ते घरी 'ख्रुश्चोफ' होते. गोर्बाचेव्हही तिकडे 'गर्बाचोफ'च. दोन टिंबं गळली आणि जगभर बारसं चुकलं!

टिंबं गळत होती, तर दुसरीकडे एक अक्षर फुकटचा पगार खात होतं. व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी एक 'कठोर चिन्ह' लिहायची चाल होती. त्याला उच्चार नाही, काम नाही, फक्त हजेरी. (असे दोघे आमच्याही शाखेत आहेत.) लेव्ह उस्पेन्स्की या लेखकाने हिशेब मांडला, की 'युद्ध आणि शांती'च्या जुन्या आवृत्तीतली ही चिन्हं एकत्र केली तर सत्तरहून जास्त पानं भरतील! टॉलस्टॉयसाहेबांनी एवढा कागद मौनावर खर्च केला.

सुधारणेचा मसुदा विद्वानांनी 1904 पासून चालवला होता. अंमल आला तो क्रांतीनंतर, 1917-18 मध्ये. हे चिन्ह शब्दाच्या शेवटून गेलं, मध्ये जिथे खरी गरज तिथे राहिलं. पण पेत्रोग्रादच्या छापखान्यांतून खलाशांनी त्याचे खिळेच उचलून नेले, असं सांगतात. मग मधल्या जागी वर्षानुवर्षं नुसता स्वल्पविराम टांगून वेळ भागवली गेली. गंमत म्हणजे 1990 च्या सुमारास 'कोमेर्सांत', म्हणजे व्यापारी, नावाचं वर्तमानपत्र निघालं, त्याने तेच चिन्ह मिरवत नावाच्या शेवटी बसवलं. आम्हा कॉमर्सवाल्यांना जुनी बाकी वसूल केल्याशिवाय झोप येत नाही, ती अशी!

आपणही काही कमी नाही. 1962 च्या नियमांनी आपल्याकडचे उच्चार नसलेले अनुस्वार गेले, तेव्हा माझ्या आजोबांना म्हणे घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. ते शेवटपर्यंत 'घरांत'च राहिले, आम्ही 'घरात'.

तर ती दोन टिंबं. 1942 च्या डिसेंबरात, ऐन युद्धात, शाळांतून ती सक्तीची झाली. पुढे सक्ती पुन्हा ढिली पडली. मग एका कागदावर टिंबं आहेत, दुसऱ्यावर नाहीत, म्हणून वारसा, पेन्शन, दाखले अडू लागले. तिथेही माझ्यासारखा कोणी काउंटरवर बसलेला असणारच! अखेर 2012 साली तिथल्या शिक्षण खात्याने पत्र काढून समजावलं, की दोन्ही लेखनं एकाच माणसाची मानावीत.

आजी चौथ्या दिवशी प्रतिज्ञापत्र घेऊन आल्या. त्यात टंकलेखकाने 'हिरबाई' केलं होतं. मी कागद साहेबांकडे नेला, रशियाचं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "मग रशियात खातं उघडायला सांगा." पण चष्मा काढून त्यांनी आजींकडे पाहिलं आणि सही केली.

पैसे मोजून घेत आजींनी विचारलं, "आता मी नक्की कोण रे?"

"तिन्ही तुम्हीच, आजी," मी म्हटलं.