स्पॅम : अनाहूत ई-मेल

घेणाऱ्याने न मागितलेले, एकाच मजकुराचे आणि घाऊक प्रमाणात धाडलेले ई-मेल. मजकूर जाहिरातीचा आहे की फसवणुकीचा, यावर व्याख्या ठरत नाही. संमती होती का आणि पत्र किती जणांना गेले, या दोनच कसोट्या आहेत. त्यामुळे प्रामाणिक दुकानदाराचे पत्रही स्पॅम ठरू शकते. ग्राहकाने स्वतः मागवलेले रोजचे सवलतपत्रक ठरत नाही.

असे पहिले ज्ञात पत्र मे 1978 मध्ये अमेरिकेत, इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर गेले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क या विपणन अधिकाऱ्याने नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे 400 जणांना पाठवले. जाळ्याच्या व्यवस्थापनाने तो नियमभंग ठरवला. नव्वदच्या दशकात इंटरनेट व्यापारासाठी खुले झाल्यावर मात्र या प्रकाराला आवर राहिला नाही.

याचे मूळ ई-मेलच्या रचनेत आहे. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेला एसएमटीपी हा नियमसंच परस्परांवर विश्वास असलेल्या मोजक्या संस्थांसाठी होता. पाठवणारा खरा कोण, हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. पोस्टकार्डावर ‘प्रेषक’ म्हणून कोणाचेही नाव लिहावे तसे येथेही करता येते. शिवाय लाखभर पत्रे पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. साठवणुकीचा, छाननीचा आणि वेळेचा भार घेणाऱ्यावर पडतो. हजारांत एखाद्यानेच प्रतिसाद दिला तरी पाठवणाऱ्याचे भागते. बरेचसे स्पॅम लोकांच्याच बाधित संगणकांच्या जाळ्यांतून, म्हणजे बॉटनेटमधून, निघत आले आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये अशा जाळ्यांचे नियंत्रण-सर्व्हर ठेवणाऱ्या मॅककोलो या कॅलिफोर्नियातील कंपनीची जोडणी तोडली गेली, तेव्हा जगभरातील स्पॅम एकदम घसरले. काही महिन्यांत ते पुन्हा वाढले.

पहिले उपाय काळ्या यादीचे होते. 1998 मध्ये स्थापन झालेली स्पॅमहाउस ही संस्था स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या याद्या ठेवते. 2002 मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने शब्दांच्या संभाव्यतेवरून पत्राची जात ओळखण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि गाळण्या (फिल्टर) वापरणाऱ्याच्या निवडीवरून शिकू लागल्या. पुढे ओळख पटवण्याच्या तीन व्यवस्था रूढ झाल्या. एका डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे एसपीएफ जाहीर करते. डीकेआयएम पत्रावर अंकीय सही करते. दिसणारा प्रेषक यांपैकी एकाशीही जुळला नाही तर पत्राचे काय करायचे, हे डीमार्क सांगते. मात्र या व्यवस्थांनी पत्र कोणत्या डोमेनचे आहे एवढेच सिद्ध होते. नवे डोमेन विकत घेतलेला ठगही तिन्ही चाचण्या उत्तीर्ण होतो.

म्हणून घेणाऱ्याची सावधगिरी सुटत नाही. खरेदी, स्पर्धा, मोफत वाय-फाय अशा नोंदण्यांसाठी वेगळा पत्ता ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पत्रातील चित्रे आपोआप उघडू न देणेही महत्त्वाचे, कारण त्यांत दडलेला अदृश्य ठिपका पत्र उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला देतो. ओळखीच्या कंपनीचे पत्र नको असेल तर ‘अनसबस्क्राइब’ वापरावे. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या पत्रात ते दाबल्यास पत्ता चालू असल्याचा पुरावाच मिळतो. तेथे ‘स्पॅम’ म्हणून कळवणे योग्य. बँकेच्या नावाने आलेल्या दुव्यावर न जाता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. गाळण्याही चुकतात, नोकरीचे किंवा प्रवेशाचे पत्र स्पॅम फोल्डरमध्ये अडकू शकते, तेव्हा तो फोल्डर अधूनमधून पाहावा. भारतात पैशांची फसवणूक झाल्यास 1930 या हेल्पलाइनवर तत्काळ कळवता येते.

व्यावसायिकाची जबाबदारी यादी तयार होते तेथेच सुरू होते. विकत घेतलेली यादी कोणत्याही सबबीवर वापरू नये: त्या माणसांनी या विक्रेत्याला होकार दिलेला नसतो, आणि अशा याद्यांत स्पॅमवाल्यांना पकडण्यासाठी पेरलेले सापळा-पत्तेही असतात. बिलासाठी घेतलेला पत्ता जाहिरातीसाठी वापरणे हाही संमतीचा भंगच. नोंदणीनंतर पुष्टीचे पत्र पाठवून त्यातील दुवा दाबल्यावरच नाव यादीत घेण्याची दुहेरी पद्धत चांगली; यादी लहान राहते, पण खरी राहते. परत येणारे पत्ते लगेच काढावेत आणि दीर्घकाळ पत्र न उघडणाऱ्यांना पाठवणे थांबवावे. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने दिवसाला 5,000 हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना ओळख पटवण्याच्या वरील तिन्ही व्यवस्था सक्तीच्या केल्या. जाहिरातपत्रांत एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते, ती विनंती दोन दिवसांत अमलात आणावी लागते आणि स्पॅम-तक्रारींचे प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. याहूनेही असेच नियम आणले.

कायद्यांचा कल देशोदेशी वेगळा आहे. अमेरिकेचा 2003 चा कॅन-स्पॅम कायदा पूर्वसंमती मागत नाही. खरा प्रेषक, टपालाचा पत्ता आणि नकाराची सोय मागतो, व नकार दहा कामकाजी दिवसांत पाळायला लावतो. युरोपीय संघाचा 2002 चा ई-प्रायव्हसी निर्देश आणि कॅनडाचा 2014 पासून लागू असलेला कायदा संमती आधी घ्यायला सांगतात. घेणाऱ्याचा मान राखणारी भूमिका हीच. भारतात ई-मेल स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे 2018 चे विनियम व्यापारी फोन आणि एसएमएसपुरते आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये मात्र संमती मुक्त, विशिष्ट आणि स्पष्ट असावी, तसेच ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, अशी तरतूद आहे.