श्रद्धा आणि स्थितिरक्षण : १८१३ च्या सनदेच्या अनुषंगाने

ख्रिस्ती धर्मश्रद्धा आणि स्थितिरक्षक राजकारण यांचा उल्लेख इतिहासग्रंथांत इतक्या वेळा जोडीने येतो की, हा संबंध तत्त्वतःच अभेद्य असावा असा अभ्यासकाचा समज होतो. अठराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडकडे पाहिले तर तो दृढही होतो. परंतु हीच जोडी हिंदुस्थानच्या भूमीवर आली तेव्हा तिची वाताहत का झाली, हा प्रश्न मग अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेच्या निमित्ताने त्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम इंग्लंडमधील परिस्थिती लक्षात घेऊ. फ्रेंच राज्यक्रांतीने १७८९ मध्येच चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षी एडमंड बर्कने क्रांतीवरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहून प्रस्थापित चर्चचा कैवार घेतला. राज्यसंस्था ही पिढ्यानुपिढ्यांच्या संचितातून घडते आणि धर्म हा त्या संचिताचा पाया आहे, असे त्याच्या विवेचनाचे सार सांगता येईल. सिंहासन आणि चर्च यांवर एकाच शत्रूचा घाला पडत आहे, या भीतीने श्रद्धा आणि स्थितिरक्षण ही दोन्ही एका छावणीत आली.

विल्यम विल्बरफोर्स हा या छावणीचा नमुनेदार प्रतिनिधी होय. पंतप्रधान पिट याचा हा स्नेही निष्ठावंत इव्हॅंजेलिकल होता. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने वीस वर्षे झुंज दिली आणि १८०७ मध्ये तो व्यापार कायद्याने बंद झाला. परंतु याच विल्बरफोर्सने १७९५ च्या दडपशाहीच्या कायद्यांना, १७९९ च्या कामगारसंघटनाबंदीला आणि १८१५ च्या धान्यकायद्याला पाठिंबा दिला. दूरच्या गुलामांसाठी द्रवणारे त्याचे हृदय घरच्या मजुरासाठी का द्रवत नाही, असा कॉबेटसारख्या जहाल लेखकाचा आक्षेप होता, आणि तो निराधार म्हणता येत नाही.

हिंदुस्थानच्या प्रश्नावर मात्र विल्बरफोर्सची गाठ स्थितिरक्षकांशीच पडली. मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखात वाव मिळावा असे कलम त्याने १७९३ च्या सनदेत घालू पाहिले. कंपनीच्या विरोधामुळे ते वगळले गेले. १८०६ मध्ये वेल्लोर येथे शिपायांनी उठाव केला. त्यांच्या पगड्या, दाढ्या व गंध यांविषयीचे लष्करी हुकूम हे त्याचे निमित्त होते, मिशनऱ्यांचे कार्य नव्हे. तथापि बाटवाबाटवीच्या भीतीने हा प्रकार घडला असे सांगून मिशनविरोधकांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. हे विरोधक क्रांतिवादी नव्हते, नास्तिकही नव्हते. ते कंपनीचे भागधारक आणि अनुभवी अधिकारी होते. प्राचीन समाजाच्या आचारांना हात लावू नये, रूढी हीच राज्याची खरी तटबंदी होय, हा त्यांचा युक्तिवाद मुळात बर्कच्याच वळणाचा होता. स्वतः बर्कनेही वॉरन हेस्टिंग्जवरील अभियोगाच्या वेळी येथील प्राचीन संस्थांविषयी आदर व्यक्त केला होता.

१८१३ मध्ये मिशनच्या बाजूने पार्लमेंटकडे ८०० हून अधिक अर्ज आले. त्यांत प्रस्थापित चर्चबाहेरील पंथीयांचा वाटा मोठा होता. अखेर धर्म व नीती यांच्या प्रसारासाठी येणाऱ्यांना परवाने देण्याची तरतूद झाली आणि कलकत्त्यास बिशपचे पदही निर्माण झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले होते. ब्रिटनशी युद्ध चालू असलेल्या प्रजासत्ताकाचे हे नागरिक! त्यांना परत धाडण्याचे हुकूम निघाले. परंतु गव्हर्नर सर इव्हान नेपियन याच्या सहानुभूतीमुळे त्यांचा येथे टिकाव लागला. मराठी मिशनचा आरंभ हा असा, राज्यकर्त्यांच्या इच्छेने नव्हे तर त्यांच्या नाखुशीतून झाला.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने हीच सावध वृत्ती चालविली. १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात वतने, इनामे व धर्माचार यांना अभय दिले गेले. १८२१ मध्ये पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. आणि सरकारी शिक्षणात धर्मप्रसाराची सरमिसळ होऊ देण्यास त्याने कटाक्षाने नकार दिला. पुढे १८५८ चा राणीचा जाहीरनामा निघाला तो लॉर्ड डर्बीच्या हुजूर पक्षाच्या कारकीर्दीत. त्यात ख्रिस्ती श्रद्धेचा स्पष्ट उच्चार आहे आणि ती प्रजेवर लादण्याचा हक्क व इच्छा या दोहोंचा तितकाच स्पष्ट त्याग आहे.

यावरून श्रद्धा उदार आणि स्थितिरक्षण अनुदार, असा उलटा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. १८१३ च्या भाषणात विल्बरफोर्सने हिंदुधर्माविषयी काढलेले उद्गार तुच्छतेने भरलेले आहेत. आणि कंपनीच्या सहिष्णुतेमागे महसुलाची व राज्याच्या सुरक्षिततेची चिंता होती. मुद्दा वेगळा आहे. जेथे जुनी समाजव्यवस्था चर्चच्या आधाराने उभी होती तेथे श्रद्धा तिची राखणदार झाली. जेथे ती अन्य धर्मावर उभी होती तेथे तीच श्रद्धा तिला हादरा देणारी ठरली. म्हणजे दोहोंचे सख्य सिद्धांतातून नव्हे, परिस्थितीतून जन्मले होते. म्हणूनच, धर्माने स्थितीचे रक्षण केले असे विधान करण्यापूर्वी ती स्थिती कोणाची होती, हा प्रश्न अभ्यासकाने विचारला पाहिजे. तो न विचारल्यामुळेच मिशनरी आणि कंपनी सरकार हे एकाच हाताचे दोन पंजे होते, हा समज आपल्याकडे इतका काळ टिकून राहिला आहे.