कॅनरीचे गाणे आणि मेंदूशास्त्रातील एका सिद्धान्ताचा अस्त

१/ प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी जन्म घेत नाही; जी मरते ती कायमची जाते. विसाव्या शतकात बराच काळ मेंदूशास्त्र याच गृहीतावर उभे होते. १९०६ चे नोबेल मिळवणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचा अधिकार त्यामागे होता. हे गृहीत ढासळले, त्यात कॅनरी या छोट्या पक्ष्याचा वाटा मोठा आहे.

२/ पार्श्वभूमी केंब्रिजची. १९५० च्या दशकात विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच पक्ष्याची पिल्ले प्रौढ नरांच्या आवाजापासून दूर वाढवली. मोठी झाल्यावर ती गायली, पण त्यांचे गाणे अगदी ओबडधोबड होते. गाणे केवळ उपजत नसते. ते लहानपणी ऐकून स्मृतीत साठवावे लागते.

३/ चॅफिंच एकदा पक्के झालेले गाणे सहसा बदलत नाही. कॅनरी नर मात्र दरवर्षी काही जुने स्वरखंड सोडतो आणि नवे आत्मसात करतो. मग सोडलेल्या स्वरांचे मेंदूत काय होते?

४/ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नॉटेबोम यांनी हा प्रश्न हाती घेतला. १९८१ मध्ये त्यांनी दाखवले की, नराच्या मेंदूतील मुख्य गायनकेंद्र शरद ऋतूच्या तुलनेत वसंतात जवळपास दुप्पट मोठे असते.

५/ १९८३ मध्ये स्टीव्हन गोल्डमन आणि नॉटेबोम यांनी प्रौढ कॅनरी माद्यांना किरणोत्सारी थायमिडिन टोचले. विभाजन पावणाऱ्या पेशींच्या डीएनएत हे द्रव्य सामावते. पुढे त्याच्या खुणा गायनकेंद्रातील चेतापेशींत सापडल्या. म्हणजे त्या पेशी प्रौढ वयात जन्मल्या होत्या.

६/ असा दावा पूर्वीही झाला होता. १९६० च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशींच्या खुणा नोंदवल्या. परंतु त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. कॅनरीच्या बाबतीत पुरावा एक पाऊल पुढे गेला. १९८४ च्या प्रयोगांत नव्या पेशी ध्वनीला प्रतिसाद देताना आढळल्या. त्या निव्वळ अस्तित्वात नव्हत्या, कामाला लागल्या होत्या.

७/ १९९० च्या दशकात आणखी एक दुवा मिळाला. नराचे गाणे बदलते, त्याच सुमारास गायनकेंद्रातील पेशींचे मरण आणि नव्यांचे आगमन वाढते. पेशींचा हा फेरपालट आणि स्वरांचे विस्मरण यांचे नाते नेमके कसे, यावर संशोधन सुरू राहिले.

८/ १९९८ मध्ये मानवी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातही प्रौढ वयातील नव्या चेतापेशींचा पुरावा मांडला गेला. माणसात त्यांचे प्रमाण किती, हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र काहालांच्या काळी जो प्रश्न बंद झाला असे मानले गेले, तो एका पक्ष्याच्या बदलत्या गाण्याने पुन्हा उघडला.