कापसाच्या जिल्ह्यातील रंगकाम : वर्धा आणि बांधणीची परंपरा

कापडावर ठिकठिकाणी दोऱ्याच्या घट्ट गाठी मारून ते रंगात बुडवायचे आणि गाठीखाली रंग न शिरल्यामुळे जी नक्षी उमटते तिच्यातून वस्त्र सजवायचे, या तंत्राला बांधणी म्हणतात. आज घरोघरी ‘टाय अँड डाय’ या नावाने सदरे आणि टी-शर्ट रंगवले जातात, ते याच तंत्राचे नवे रूप होय. बाणभट्टाच्या 7व्या शतकातील ‘हर्षचरिता’त ‘पुलकबंध’ वस्त्राचा उल्लेख येतो आणि अभ्यासक त्याचा संबंध बांधणीशी जोडतात. या कलेचे माहेर गुजरात आणि राजस्थान हेच असले, तरी रंगाऱ्याचा धंदा कसा बसला आणि घरगुती रंगकाम पुन्हा कसे उभे राहू शकते, हे समजून घेण्यासाठी वर्धा जिल्ह्याइतकी योग्य भूमी विरळा. कारण कापूस, सूत, कापड आणि रंग या चारही गोष्टींचा इतिहास येथे एकत्र आला आहे.

1862 साली नागपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा काळ्या मातीचा आणि कापसाचा असून हिंगणघाटच्या कापसाची ख्याती दूरवर पोहोचली होती. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींविषयी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुती कापड छापणाऱ्या व रंगवणाऱ्या समाजाची नोंद असून, उत्तरेकडील जिल्ह्यांत छिपा म्हणून ओळखले जाणारे हे कारागीर मराठी जिल्ह्यांत रंगारी किंवा भावसार म्हणवले जात, तर निळीचे काम करणाऱ्यांना निराळी असे नाव होते. लाल रंगासाठी आल, म्हणजे बारतोंडीच्या झाडाची मुळे वापरली जात. केवळ मुळांच्या काढ्यात कापड उकळून रंग पक्का होत नसे, म्हणून कापडातील खळ व तेलकटपणा आधी धुऊन काढीत, मग ते हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवीत आणि त्यानंतर तुरटीचे पाणी देत. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि तुरटी यांच्यामुळे रंग धाग्याला धरून राहतो. अशा पदार्थांना रंगबंधक म्हणतात. हिरडा दिल्यानंतर गाठी मारल्या, तर त्या सोडल्यावर आतले ठिपके पांढरेशुभ्र निघत नाहीत, त्यांवर हिरड्याची पिवळसर झाक राहते.

हे ज्ञान टिकवणारा धंदा मात्र दोन्ही बाजूंनी कोंडला गेला. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने 1856 साली डांबरापासून जांभळा रंग काढला, 1868 मध्ये मंजिष्ठेतील लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि 1897 पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. स्वस्त डबाबंद रंगापुढे आलीची लागवड आणि मुळांची खोदाई परवडेनाशी झाली. दुसरीकडे 1877 मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे हिंगणघाट व पुलगाव येथेही गिरण्या आल्या आणि तयार माल पेठेत आल्याने विणकराबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेला रंगारीही मागे पडला.

या पडझडीला उत्तर देण्याचा मोठा प्रयत्न वर्ध्यातच झाला. गांधीजींचे अनुयायी विनोबा भावे 1921 साली येथे आले. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभारले. ऑक्टोबर 1937 मधील वर्धा शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले आणि 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय खुले झाले. या चळवळीत मानाचे पान मिळाले ते चरख्याला आणि मागाला. देशाच्या मनात खादी ठसली ती पांढरी, आणि रंगाऱ्याचे कसब त्या पांढऱ्या कापडाआड राहिले.

ही उणीव भरून काढण्याचे काम मगन संग्रहालय समितीने पुढे हाती घेतले असून कोरडवाहू सेंद्रिय कापूस, हातकताई, हातमाग आणि वनस्पतिजन्य रंग अशी सलग साखळी तिने जोडली आहे. कर्करोगास कारण ठरू शकणाऱ्या काही अॅझो रंगांवर भारतात 1997 मध्ये बंदी आली, त्यामुळेही वनस्पतिजन्य रंगांकडे पुन्हा लक्ष वळले.

घरी सदरा रंगवणाऱ्याला आज दोन वाटा खुल्या आहेत. 1956 साली बाजारात आलेले प्रतिक्रियाशील रंग सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून, चुण्या घालून, दोऱ्याने आवळून त्यावर हा रंग ओतला आणि रात्रभर ओले ठेवले की न उकळताही रंग बसतो. दुसरी वाट हिरडा, तुरटी, डाळिंबाची साल आणि विदर्भाच्या रानात फाल्गुनात फुलणारा पळस यांची आहे; ती वेळखाऊ असून पळसाचा पिवळा उन्हात फिकटतो, पण साहित्य परिसरात मिळते. दोन्ही वाटांत नक्षी ठरते ती रंग लावण्याआधी, गाठ कुठे आणि किती घट्ट मारली यावर. म्हणून यंत्राशिवाय घरच्या घरी स्वतःच्या मनाजोगे वस्त्र घडवण्याची एवढी मोकळीक दुसऱ्या कोणत्याही वस्त्रकलेत सहसा नाही. वर्ध्याने सूत कातणाऱ्या हाताला जो मान दिला, तोच गाठ मारणाऱ्या आणि रंग देणाऱ्या हाताला मिळायला हवा; त्यासाठी जिल्ह्यातील शाळांनी कताईच्या जोडीला रंगकामही शिकवावे.